शेऱ्यातले दोन शब्द

सरकारी कचेरीत कागद खालून वर चढतो आणि हुकूम वरून खाली उतरतो, हे ज्याने एकदा तरी कचेरीचा उंबरठा ओलांडला आहे त्याला नव्याने सांगावयास नको. तलाठ्याचा अहवाल सर्कल इन्स्पेक्टरकडे, त्याचा मामलेदाराकडे, मामलेदाराचा प्रांतसाहेबांकडे आणि प्रांतसाहेबांचा कलेक्टरकडे, अशी ही चढण पिढ्यान्‌पिढ्या ठरून गेलेली आहे. आणि ती चढताना प्रत्येक टप्प्यावर कागदाला जो धक्का द्यावा लागतो, तो ज्या दोन इंग्रजी शब्दांनी दिला जात असे, त्या ‘पुट अप’ या शब्दांशी, मॅट्रिक होऊन देशावरच्या एका प्रांत कचेरीत कारकून म्हणून चिकटल्या दिवसापासून माझा जो संबंध जडला, तो सेवानिवृत्त होईपर्यंत सुटला नाही.

बोलताना हे शब्द कोणी तोडून उच्चारीत नसे. ‘तगाईचं प्रकरण पुटप झालं का?’ असे अव्वल कारकून विचारी, ‘आजची पुटप कुठाय?’ म्हणून शिपाई दारात उभा राही, आणि साहेब फिरतीवरून परतायच्या दिवशी सकाळपासून सगळ्या कचेरीत पुटपची धांदल उडे. क्रियापदाचे नाम झाले होते, नामाचे पुन्हा क्रियापद झाले होते, आणि ज्याला इंग्रजीचे अक्षर ओळखता येत नव्हते अशा पट्टेवाल्यालाही त्याचा अर्थ पक्का ठाऊक होता. मला मात्र तो ठाऊक नव्हता. कारण माझे इंग्रजी पुस्तकातले होते.

तर्खडकरांच्या भाषांतर पाठमालेवर पोसलेल्या आमच्या पिढीची समजूत अशी की, शब्दाचा अर्थ पाठ केला म्हणजे वाक्याचा अर्थ आपोआप हाती येतो. ‘पुट’ म्हणजे ठेवणे आणि ‘अप’ म्हणजे वर, तेव्हा दोहोंचा संयोग झाला की वर ठेवणे हा अर्थ निष्पन्न व्हावा, इतके ते सरळ गणित होते. इंग्रजी क्रियापदाच्या शेपटीला एखादे चिमुकले अव्यय जोडले की त्या क्रियापदाचे कूळ आणि गोत्र दोन्ही बदलून जातात, ही गोष्ट शाळेत कोणी सांगितली नव्हती असे नाही, परंतु ती परीक्षेपुरती सांगितली होती. पुढे नगर वाचनालयात नीळकंठ बाबाजी रानडे यांचा जाडजूड इंग्रजी-मराठी कोश चाळताना आणि त्या अनुषंगाने इतर पुस्तके पाहताना असे वाचनात आले की, खुद्द डॉक्टर जॉन्सनने १७५५ साली प्रसिद्ध केलेल्या आपल्या कोशाच्या प्रस्तावनेत या जातीच्या क्रियापदांचा स्वतंत्र निर्देश केला आहे आणि परकीयांना इंग्रजी भाषेत सर्वांत मोठी अडचण पडते ती येथेच, अशी कबुली देऊन ठेवली आहे. अशा क्रियापदांना आज व्याकरणात जे नाव रूढ आहे, ते तर १९२५ साली लोगन पिअरसॉल स्मिथ याने आपल्या ग्रंथात वापरले, आणि तेही ऑक्सफर्ड कोशाचे एक संपादक हेन्री ब्रॅडली यांनी सुचविल्यावरून. म्हणजे इंग्रजांनी शतकानुशतके जे बोलण्यात वापरले, त्याला नाव देण्याची निकड त्यांना इतक्या उशिरा भासली. घरात जन्मलेल्या मुलाला घराच्या खोल्यांची नावे विचारावी लागत नाहीत. ती विचारतो तो पाहुणा. आम्ही तर पाहुणेही नव्हतो. आम्ही त्या घराचे दप्तर सांभाळणारे कारकून होतो, आणि आम्हांला ती भाषा कोणा इंग्रजाने शिकविली नाही, समासातल्या शेऱ्यांनी शिकविली.

या शेऱ्यांचा महिमा कळण्यास महसूल कचेरीची मांडणी थोडी समजून घेतली पाहिजे. अँडरसन नावाच्या आय. सी. एस. अधिकाऱ्याने घालून दिलेली सहा गठ्ठ्यांची पद्धत मुंबई इलाख्याच्या महसूल कचेऱ्यांत चालत असे व आजही चालते. कारकुनाच्या हातातले चालू कागद एका गठ्ठ्यात. ज्यांवर दुसऱ्या कोणाचे उत्तर यावयाचे आहे असे प्रतीक्षेतले कागद दुसऱ्यात. ठरावीक मुदतीने धाडावयाची पत्रके तिसऱ्यात. कायमचे हुकूम चौथ्यात. निकाल होऊन दप्तरखान्यात जाणारे पाचव्यात. आणि वर्षभराने नष्ट करावयाचे ‘ड’ वर्गाचे कागद सहाव्यात. यांतला प्रतीक्षेचा गठ्ठा हाच कारकुनाच्या लायकीचा खरा मापदंड. तो तारखांप्रमाणे लावलेला असे, आणि साहेबांनी शेऱ्यात जी तारीख घातली असेल त्या तारखेला तो कागद, कोणी आठवण न देता, गठ्ठ्यातून निघून साहेबांच्या टेबलावर गेला पाहिजे, हा दंडक. ‘अमुक तारखेस पुट अप’ या शेऱ्याचा सरळ अर्थ एवढाच.

परंतु सरळ अर्थाने कचेरी चालत नाही. नुसते ‘पुट अप’ लिहिले असेल तर कागद टिपणीसह समोर आणावयाचा. ‘मागील कागदांसह पुट अप’ असे असेल तर दप्तरखान्यातला रुमाल सोडून, धूळ झटकून, दहा-दहा वर्षांपूर्वीचे कागद काढून, त्यांना चिठ्ठ्या लावून मग न्यावयाचे; आणि हे लिहिणाऱ्या साहेबाला पुष्कळदा मागील कागद वाचावयाचे नसत, आजचा दिवस टाळावयाचा असे, हे रुमाल सोडणाऱ्यालाही ठाऊक असे. ‘मसुदा पुट अप’ म्हणजे साहेबांचा निर्णय झालेला आहे, तो शब्दांत कारकुनाने घालावयाचा आहे. ‘पुन्हा पुट अप’ हा शेरा सगळ्यांत अवघड. कारण त्यात टिपणी पसंत नाही, की वेळ सोयीची नाही, की साहेबांना वरून कोणाचा तरी निरोप येण्याची वाट पाहावयाची आहे, यांचा उलगडा त्या दोन-तीन शब्दांत नसे. आमचे शिरस्तेदार अण्णासाहेब असे कागद हाती घेऊन शब्दांकडे न पाहता अक्षराच्या वळणाकडे पाहत. पेन्सिल दाबून लिहिलेला शेरा निराळा आणि घाईत ओढलेला निराळा, हा त्यांचा सिद्धान्त, आणि तो सहसा चुकत नसे.

कचेरीतल्या या एका अर्थाच्या पलीकडे त्या शब्दांचा केवढा मोठा संसार आहे हे मला कळले ते दप्तरखान्यातल्या जुन्या रुमालांतून. पावसाळ्यात साहेब मुख्यालयात असत, फिरती बंद असे, आणि वाळवी लागलेले रुमाल सोडून कागद निवडण्याचे काम धाकट्या कारकुनांवर येई. त्या निमित्ताने स्वातंत्र्यापूर्वीच्या गोऱ्या प्रांतसाहेबांच्या फिरतीच्या रोजनिशा वाचावयास मिळाल्या. जमाबंदीच्या दौऱ्यावर निघालेला साहेब अमुक गावच्या बंगल्यावर ‘पुट अप’ करतो, म्हणजे मुक्काम ठोकतो. त्याची माणसे आंबराईत राहुट्या ‘पुट अप’ करतात, म्हणजे उभारतात. सकाळी बंदूक घेऊन ज्वारीच्या शेताकडे फिरावयास गेला असता तो तित्तरांचा थवा ‘पुट अप’ करतो, म्हणजे झुडपांतून उडवून लावतो. संध्याकाळी गावकरी जमून पाण्याच्या तक्रारी ‘पुट अप’ करतात, आणि रात्री डासांशी ‘पुट अप’ करण्यावाचून साहेबाला गत्यंतर नसते. शेवटच्या ठिकाणी त्या जोडीला ‘विथ’ हा तिसरा शब्द चिकटलेला असतो आणि एका क्षणात उभारण्याचे, उठविण्याचे, मांडण्याचे सगळे कर्तृत्व लयास जाऊन त्याचे सहन करणे होते. एकच क्रियापद तंबू ठोकताना सकर्मक पुरुषार्थ गाजविते आणि डासांपुढे हात टेकते, याचे मला त्या वयात मोठे नवल वाटे. पुढे इतकी वर्षे नोकरी केल्यावर नवल वाटेनासे झाले, कारण कारकुनाच्या आयुष्यात त्याच दोन गोष्टी आळीपाळीने कराव्या लागतात.

रोजनिशांतला हा अर्थविस्तार मनोरंजनापुरता होता. त्या शब्दांचे खरे दात दिसले ते एका तगाईच्या प्रकरणात, आणि ते प्रकरण जरा सविस्तर सांगण्याजोगे आहे.

एका कोरडवाहू गावच्या खातेदाराने विहिरीसाठी तगाई घेतली होती. विहीर खोदली, खडक लागला, पाणी लागले नाही. हप्ते थकले. तगाईची बाकी जमीन महसुलाच्या बाकीप्रमाणे वसूल करता येत असल्यामुळे यथावकाश नोटीस, जप्ती आणि लिलाव हा क्रम सुरू झाला. त्या वेळी १८७९ चा मुंबईचा जमीन महसूल कायदा अंमलात होता. लिलावापूर्वी गावात दवंडी पिटावयाची, चावडीवर जाहीरनामा लावावयाचा, आणि स्थावर मालमत्ता असेल तर त्यापुढे किमान ३० दिवस जाऊ द्यावयाचे, अशी त्यात तरतूद होती. हे सर्व होऊन एकदा लिलाव पुकारला गेला होता. तो फसला, आणि मामलेदाराचा सविस्तर अहवाल प्रांताकडे आला.

अहवाल लिहिणाऱ्या अव्वल कारकुनाला इंग्रजीची भारी हौस असली पाहिजे. परंतु त्याच्या हौसेला पुरतील इतकी क्रियापदे त्याच्यापाशी नसावीत, कारण त्या दीड पानात ‘पुट अप’ ची जी रेलचेल होती ती मी दुसरीकडे कोठे पाहिली नाही. खातेदाराने विहिरीला पाणी न लागल्याची सबब ‘पुट अप’ केली आहे, अशी सुरुवात. पुढे, जाहीरनामा चावडीवर यथाविधी ‘पुट अप’ करण्यात आला. त्यानंतर, लिलावास एकच बोलीदार हजर होता आणि तो खातेदाराच्या चुलतभावाने ‘पुट अप’ केलेला दिसतो. येथे अर्थ उभा केलेला, आपण जशी खोटी साक्ष उभी करतो तसा. बोली हातच्या किमतीच्या जेमतेम वर गेली. पण लिलाव संपताच जी चौथाई रक्कम जागेवर भरावी लागते ती बोलीदाराला ‘पुट अप’ करता आली नाही, आणि दुसरा बोलीदारच नसल्याने लिलाव तसाच राहिला. आणि शेवटी शिफारस: सबब जमीन पुन्हा लिलावास ‘पुट अप’ करण्यास हरकत दिसत नाही. सगळा अहवाल इंग्रजीच्या दृष्टीने निर्दोष होता, हे मुद्दाम सांगितले पाहिजे. ज्या ज्या ठिकाणी त्याने ते शब्द वापरले त्या त्या ठिकाणी कोणत्याही इंग्रजाने ते वापरले असते. सबब मांडणे, कागद चिकटविणे, माणूस उभा करणे, पैसे भरणे आणि जमीन विकावयास काढणे ही पाच निरनिराळी कृत्ये, त्यांतले एक दुबळ्याचे, एक सरकारचे, एक कपटाचे, एक ऐपतीचे आणि एक जमीन कायमची हिरावणारे. परंतु कागदावर पाचांचा चेहरा एक.

या अहवालाच्या समासात प्रांतसाहेबांनी, आपल्या सवयीप्रमाणे, एवढेच लिहिले: ‘पुट अप ऑन फिफ्टीन्थ.’

तो कागद ज्याच्या टेबलावर आला तो कारकून माझ्याच बरोबर लागलेला, कामाला वाघ, पण उतावळा. अहवालाचे शेवटचे वाक्य जमीन ‘पुट अप’ करण्याविषयी, लगेच त्याच्या शेजारी साहेबांचा शेरा पंधरा तारखेस ‘पुट अप’ करण्याविषयी; त्याने दोन्हींची सांगड घातली आणि येत्या पंधरा तारखेस जमीन फेरलिलावास काढल्याचा जाहीरनामा, गट नंबर, क्षेत्र, आकार, हातची किंमत यांसह, सुवाच्य अक्षरात तयार करून शिरस्तेदारांच्या सहीसाठी नेला. त्याच्या अनुमानात व्याकरणाची चूक काढता येणार नाही. उलट, त्या वाक्याशेजारी तो शेरा वाचणाऱ्या दहा माणसांपैकी पाचांना तरी तसेच वाटले असते.

अण्णासाहेबांनी मसुदा वाचला नाही. त्यांनी मूळ फाईल मागितली. चश्मा कपाळावर सारून त्यांनी एकेक पान उलटले, आणि तळाशी, जप्तीच्या पंचनाम्याच्याही मागे, खातेदाराने हप्ते बांधून मिळावेत म्हणून दिलेल्या अर्जापाशी ते थांबले. अर्ज एका कोऱ्या कागदावर गावच्या मास्तरने लिहून दिलेला होता. खाली अंगठ्याची निशाणी, शाई जास्त झाल्याने रेषा बुजलेल्या. आणि त्या निशाणीच्या शेजारी, सहज दिसणार नाही अशी, पेन्सिलीची बारीक बरोबरची खूण. आमच्या प्रांतसाहेबांना वाचलेल्या कागदावर अशी खूण करण्याची सवय होती. म्हणजे अर्ज त्यांच्या नजरेखालून गेला होता, आणि तरीही त्यांनी त्यावर काही लिहिले नव्हते.

‘अरे, साहेबांनी कागद मागितलाय, जमीन नाही,’ अण्णासाहेब म्हणाले. त्याने शेऱ्याकडे बोट केले, तेव्हा ते पुन्हा म्हणाले, ‘आज तारीख काय? सत्तावीस. नवा जाहीरनामा लावून तीस दिवस पंधरा तारखेच्या आत कसे भरतील? साहेबांना एवढा कायदा कळत नाही असं तुला वाटतं का?’ मग थोडे थांबून, आवाज उतरवून, ‘खळी व्हायचीत अजून. पंधरापर्यंत त्याची ज्वारी घरात येईल.’

पंधरा तारखेला फाईल साहेबांपुढे गेली ती अण्णासाहेबांच्या हातांनी, आणि तिच्यात पूर्वी तळाशी असलेला अर्ज सगळ्यांत वर होता. हप्ते मंजूर झाले. लिलावाचा तो सुवाच्य मसुदा नष्ट करावयाच्या गठ्ठ्यात गेला. त्या खातेदाराला आपली जमीन दोन शब्दांच्या अर्थावर काही तास टांगलेली होती हे कधी कळले नसेल, आणि त्याच्या चुलतभावालाही कळले नसेल. कळले ते आम्हां टेबलांवर बसलेल्या चौघा-पाचांना. माझ्यापुरते म्हणावयाचे तर कोशात अर्थ शोधण्याची माझी हौस त्या दिवसानंतर कमी झाली नाही, पण कोशात मिळालेल्या अर्थावर विसंबण्याची सवय मात्र मोडली. कोश सांगतो की या शब्दांचे अमुक इतके अर्थ होतात. त्यांतला कोणता आता, या समासात, या हस्ताक्षरात आहे, ते सांगणारी वस्तू फाईलच्या तळाशी असते.

पुढे त्या कचेरीत मद्रासकडचे एक तरुण असिस्टंट कलेक्टर प्रांत म्हणून आले. परप्रांतातून आलेल्या अधिकाऱ्यास खात्याची मराठीची परीक्षा द्यावी लागे, आणि त्यांना संध्याकाळी अर्ज वाचून दाखविण्याचे व समजावून देण्याचे काम माझ्याकडे आले. गृहस्थ मोठे बुद्धिमान. इंग्रजी तर असे की मी त्यांच्यापुढे तोंड उघडावयास धजू नये. तीन महिन्यांत सातबाऱ्याचा उतारा ते आमच्याइतक्या सहजतेने वाचू लागले. अडले ते एका क्रियापदाशी. एका अर्जात मजकूर होता तो असा: विहिरीला पाणी लागले नाही, पोराला नोकरी लागली नाही, काळजीने रात्री डोळा लागत नाही, तरी तगाईचा तगादा लागला आहे. साहेबांनी वही उघडली आणि ‘लागणे’ या शब्दापुढे लिहिण्यासाठी अर्थ विचारला. मी पाण्याचा सांगितला, तो नोकरीला जुळेना. नोकरीचा सांगितला, तो डोळ्याला जुळेना. तेव्हा मी आणखी भर घातली: आग लागते, ठेच लागते, झाडाला फळ लागते, वेळ लागतो, नाद लागतो, चुलता लागतो, निकाल लागतो, दार लागते, चावडीवर जाहीरनामा लागतो आणि माणसाची वाटही लागते. साहेबांनी वही मिटली.

उत्तरेकडून आलेल्या अधिकाऱ्यांना या शब्दाचा असा जाच होत नसे, कारण त्यांच्या घरात ‘लगना’ वावरत असते. मद्रासच्या साहेबांना मात्र ती सोय नव्हती. ते म्हणाले, इंग्रजी शिकताना ‘पुट अप’ने मला असेच छळले होते, पण तेथे निदान दोन शब्द होते, तुम्ही एकातच भागवता. मी त्यांना म्हटले की साहेब, आम्ही त्यालाही शेपटी जोडतो: करून ठेवले, करून टाकले, करून बसला आणि करून घेतले, यांत करणे एकच, पण पहिल्यात दूरदृष्टी आहे, दुसऱ्यात सुटकेचा निःश्वास, तिसऱ्यात पश्चात्ताप आणि चौथ्यात स्वार्थ. यावर ते बराच वेळ हसले. परीक्षेत ते पास झाले. जाताना त्यांनी ती वही मला दाखविली. ‘लागणे’पुढची जागा त्यांनी कोरी ठेवली होती, आणि तिच्याखाली त्या अर्जाचे वाक्य जसेच्या तसे उतरून घेतले होते. कोशकारांनी यापेक्षा निराळे काय करावे हे मला अजून सुचलेले नाही.

१९६० साली महाराष्ट्र राज्य झाले, त्याच वर्षी भाषा संचालनालय स्थापन झाले, आणि १९६४ चा राजभाषा अधिनियम होऊन कचेरीच्या कारभारात मराठीने हळूहळू पाऊल टाकले. त्यापूर्वी तीनशे वर्षांमागे छत्रपतींच्या काळात राज्यव्यवहारकोश रचून फारसी शब्दांना संस्कृत प्रतिशब्द दिले गेले होते, आणि तरीही दप्तर, रुमाल, बारनिशी, जप्ती, शिरस्तेदार ही मंडळी आमच्या काळापर्यंत सुखरूप पोचली होती. तेव्हा परिभाषेने बोलणे बदलते यावर आम्हां जुन्या लोकांचा फारसा विश्वास नव्हता. परंतु लिहिणे बदलले, यात शंका नाही. फाईलीची नस्ती झाली, कारकुनाचा लिपिक झाला, प्रांतसाहेब उपविभागीय अधिकारी झाले, आणि ‘पुट अप’ च्या जागी शेरा आला: ‘सादर करावे’.

या शब्दाविषयी माझे मत संमिश्र आहे. इंग्रजी शेऱ्यात नुसती दिशा होती. कागद खाली आहे, तो वर आणा, एवढेच. मराठी शेऱ्यात आदर आला. आदरासह आणावे, असा हुकूम ज्याच्यासाठी आदर दाखवावयाचा त्यानेच स्वहस्ते लिहावा, हा प्रकार पहिल्या दिवशी मला विनोदी वाटला आणि अजूनही वाटतो. ‘पुट अप’मध्ये जो रोखठोक कोरडेपणा होता, साहेब आणि कारकून यांच्यामध्ये फक्त एक कागद ठेवणारा, तो गेला याची मला थोडी हळहळ आहे.

पण दुसऱ्या बाजूने पाहता मराठीने एक गोष्ट अशी केली की जी करण्याचा हेतू परिभाषा घडविणाऱ्यांचाही नसेल. ‘सादर करणे’ या शब्दाने कचेरीचा कागद तेवढा उचलला. उरलेले अर्थ त्याने घेतले नाहीत, त्याला ते पेलवणारेच नव्हते. त्यामुळे मराठीत अहवाल लिहिताना सबब मांडावी लागे, जाहीरनामा लावावा लागे, बोलीदार उभा करावा लागे, चौथाई भरावी लागे आणि जमीन लिलावास काढावी लागे. पाच कृत्यांना पाच क्रियापदे. मामलेदार कचेरीतून येणाऱ्या मराठी अहवालांत पहिल्या काही वर्षांत जो अवघडलेपणा दिसे, त्याची लोक ‘बोजड’ म्हणून थट्टा करीत, आणि काही शब्द तसे होतेही. परंतु त्या अवघडलेपणाचा पुष्कळसा भाग असा होता की, लिहिणाऱ्याला आता प्रत्येक वाक्यात आपण नक्की काय केले ते सांगावे लागत होते. इंग्रजीत जे दोन शब्दांच्या आडोशाने निभावून जाई, ते मराठीत उघड्यावर आले. बोलीदार चुलतभावाने ‘उभा केला’ असे मराठीत लिहावयाचे तर उभा केल्याचा पुरावा जवळ असावा लागतो. ‘पुट अप’ असे लिहून नामानिराळे राहता येत असे. मला वाटते, इंग्रजीवरच्या आमच्या प्रेमात या सोयीचाही वाटा होता.

तरीही इंग्रजीला दोष द्यावा असे म्हणवत नाही. ज्याच्या मुखी ती भाषा जन्मापासून असते, त्याला या क्रियापदांत काहीच संदिग्ध वाटत नाही. त्याच्या कानाला पुढचे-मागचे शब्द ऐकू येत असतात. संदिग्धता निर्माण झाली ती आम्ही ती भाषा समासापुरती कापून घेतल्यामुळे. प्रसंग तोडून उरलेला शब्द कोणत्याही भाषेतला असो, त्याचे तेच होते. ‘लागला आहे’ एवढाच शेरा जर एखाद्या मराठी अंमलदाराने लिहिला असता, तर आमच्या कचेरीत त्याचेही डझनभर अर्थ झाले असते आणि अण्णासाहेबांना चश्मा कपाळावर सारावा लागला असता.

कालांतराने शिरस्तेदाराची ती खुर्ची माझ्याकडे आली. मी एक शिरस्ता पाळला: टिपणीवर लिहावयाचे ते संपूर्ण वाक्यात लिहावयाचे. ‘खातेदाराचा हप्त्यांचा अर्ज व मामलेदाराचा अभिप्राय यांसह हे प्रकरण पंधरा तारखेस माझ्याकडे चर्चेसाठी आणावे,’ असे मी लिहीत असे, आणि त्यात ‘सादर’ कटाक्षाने टाळीत असे. लिपिक मंडळींना हे लांबण वाटे. मी केबिनमध्ये बसलेला असताना बाहेर त्यांचे बोलणे ऐकू येई. नवा मुलगा नस्ती उघडून माझे ते दोन ओळींचे शुद्ध मराठी वाक्य पुन्हापुन्हा वाचत असे, आणि शेजारच्या टेबलावरची जुनी बाई हातातले काम न थांबविता त्याला सांगे, ‘काही नाही रे, पंधराला पुटप आहे.’